जोगळटेंभीची चांदी

आमच्या बेलपाड्यात मेट्रो आली, टॉवर आले, जेसीबी कुठे ना कुठे चालूच असतो. पाया खणताना कुणाला तरी हंडा सापडला, अशी आवई मधूनमधून उठते. सापडत काही नाही. पण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीत खरंच सापडलं. एक-दोन नाही, चांदीची १३,२५० हून जास्त नाणी!

सगळी नाणी एकाच राजाची, क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या! हाच नहपान, ज्याच्या जावयानं, उषवदातानं, नाशिकच्या पांडवलेण्यात लेख कोरून ठेवला: भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं विणकरांच्या श्रेणींकडे व्याजानं ठेवली. म्हणजे एफडीच की.

खरी गंमत पुढे आहे. यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर दुसराच छाप बसलाय. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. त्यानं नाणी वितळवली नाहीत, नुसती ओव्हरराइट केली. जुना चेहरा खालून अजून डोकावतो. गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात क्षहरातांचा वंश निखंदून काढल्याचं म्हटलंय. आई मुलाबद्दल चांगलंच बोलणार हो! पण हे हजारो छाप तिच्या बाजूनं साक्ष देतात.

आता विचार करा, ही नाणी वाटून घेतली असती तर? सोनाराकडे गेली असती, कुणाच्या पायात वाळे, कुणाच्या कमरेला साखळी. एकट्या नाण्यावरून छाप मारला एवढंच कळलं असतं. किती मोठ्या प्रमाणावर, ते ढीग एकत्र राहिला म्हणून मोजता आलं. १८७८ च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. सरकारनं ते घेतलं, तर धातूच्या किमतीवर वर एक पंचमांश मिळतो. शेतकऱ्याच्या जागी मी असतो तर हा हिशेब दोनदा केला असता, खोटं कशाला बोलू?

राहिली ती एक तृतीयांश नाणी, ज्यांवर नवा छापच नाही. टाकसाळीपर्यंत पोचली नाहीत, की पुरणाऱ्याला राजाशी देणंघेणंच नव्हतं? माझा कल दुसऱ्याकडे. चांदी दोन्हीकडे तेवढीच होती.