लीलावतीचें मोतीं आणि पाटणची शिळा

शहाद्यास अजून आगगाडी आलेली नाहीं. गाडी धरावयाची तर दोंडाईचा किंवा नंदुरबार गांठावें लागतें. परंतु जें आगगाडीला साधलें नाहीं तें इंटरनेटला साधलें आहे. आज आमच्या बाजारांत भाजीच्या टोपलीशेजारीं मोबाइल वाजत असतो, आणि त्याच यंत्रांतून लंडन-कलकत्त्याच्या ग्रंथालयांतील जुनीं पुस्तकें माझ्यासारख्याच्या ओसरीवर येऊन बसतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर प्राथमिक शाळेंत मुलांकडून पाढे घोकून घेतलेला मनुष्य. सेवानिवृत्त झाल्यावर दिवस कसा जाईल ही मला चिंता होती. ती या यंत्रानें दूर केली. रोज सकाळीं कोणी ना कोणी एखादी चमत्कारिक माहिती पाठवितो, आणि शेवटीं ‘वाचून थक्क व्हाल’ असें बजावतो. मी आज्ञेप्रमाणें थक्क होतों. परंतु नंतर मास्तरकीची जुनी खोड उसळी घेते आणि मी विचारतों, हें पाहिलें कोणीं, आणि लिहून ठेवलें केव्हां?

श्रोतेहो, या खोडीपायीं हातीं आलेल्या तीन गमती आज आपणांस सांगावयाच्या आहेत. पहिली साफ बनावट निघाली. दुसरी आमच्या उंबरठ्याशीं असून आम्हांस ठाऊक नव्हती. तिसरी खरी म्हणवत नाहीं आणि खोटीही म्हणवत नाहीं. मात्र तिचा शोध घेतां घेतां जी गोष्ट सांपडली, ती मूळ गोष्टीहून सुरस आहे.

पहिली गोष्ट मेकॉलेसाहेबाची. २ फेब्रुवारी १८३५ रोजीं त्यानें विलायतेच्या पार्लमेंटांत भाषण केलें, अशी ही कथा आहे. आपण सारा हिंदुस्थान पालथा घातला, तेथें एकही भिकारी वा चोर दिसला नाहीं, आणि असल्या लोकांना जिंकावयाचें तर त्यांची जुनी शिक्षणपद्धति मोडली पाहिजे, असें तो म्हणाला म्हणे. एका पंधरा ऑगस्टला मीं स्वतः हें भाषण रंगीत खडूंनीं फळ्यावर लिहिलें होतें. मुलांनीं तें उतरून घेतलें, पालकांनीं टाळ्या दिल्या, आणि मला धन्य वाटलें. पुढें कित्येक वर्षांनीं सहज तारीख पडताळून पाहिली तों पायांखालची वाळूच सरकली. मेकॉले १८३४ च्या जूनमध्यें हिंदुस्थानांत उतरला आणि १८३८ पर्यंत येथेंच होता. २ फेब्रुवारी १८३५ रोजीं तो कलकत्त्यास होता, आणि त्या दिवशीं त्यानें पार्लमेंटांत भाषण केलें नसून शिक्षणासंबंधीच्या आपल्या प्रसिद्ध टिपणावर सही केली! तें टिपण आज कोणालाही अथपासून इतिपर्यंत वाचतां येतें. त्यांत आमची स्तुति औषधालाही नाहीं. उलट युरोपांतील चांगल्या ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीची आहे, असा तुच्छतेचा सूर आहे.

येथें विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. खरा मेकॉले आपल्याला हिणवतो. बनावट मेकॉले आपली पाठ थोपटतो. आपण बनावटाला घरांत घेतलें आणि खऱ्याला ओळखलेंही नाहीं. असत्य पसरतें तें आपण मूर्ख असतों म्हणून नव्हे. तें आपल्याला गोड लागतें म्हणून. माझ्या फळ्यावरील तें भाषण ज्यांनीं उतरून घेतलें, त्यांच्यांतील कित्येक आज स्वतः बाप झाले आहेत. तीं वाक्यें त्यांच्या मुलांपर्यंत पोंचलीं असतील, तर त्याचें खापर माझ्याच माथीं फुटावयास हवें.

दुसरी गंमत प्रकाशें गांवची. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील हें क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आमच्या शहादें तालुक्यांतच आहे. लहानपणापासून मीं तेथें कितीदां स्नान केलें असेल याची गणती नाहीं. पुरातत्त्व खात्याचे जुने वार्षिक वृत्तांत आतां इंटरनेटवर वाचावयास मिळतात. त्यांतील १९५४-५५ चा वृत्तांत चाळत असतां अकस्मात् प्रकाशें हें नांव समोर आलें. त्या सालीं श्री. बी. के. थापर यांनीं तेथील टेकाडाचें उत्खनन केलें होतें. खालच्या थरांत, लोखंड ठाऊक नसलेल्या, तांब्याचीं आणि दगडी पात्यांचीं हत्यारें वापरणाऱ्या लोकांचीं रंगीत मातीचीं भांडीं निघालीं. त्यांच्यावर लोहयुग, आणि त्यावर पुढील काळांतील वस्त्या. ज्या टेकाडाच्या सावलींत आम्ही ओलीं धोतरें वाळत घातलीं, त्याच्या पोटांत इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या सहस्रकांतील माणसांचीं मडकीं होतीं! ही माहिती ‘वाचून थक्क व्हाल’ म्हणून मला कोणीही पाठविली नव्हती. खऱ्या नवलाला बहुधा डांगोरा पिटणारा मिळत नाहीं.

आतां तिसरी गोष्ट. आणि आजचें माझें खरें सांगणें हिच्याविषयींच आहे.

भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिची कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. मुलीच्या पत्रिकेंत वैधव्याचा योग होता. पित्यानें गणित करून तो टाळणारा एकच मुहूर्त शोधून काढला आणि वेळ मोजण्यासाठीं पाण्यांत घटिकापात्र सोडलें. मुलगी कौतुकानें वांकून पाहूं लागली, तेव्हां तिच्या वस्त्रावरील मोतीं सुटून पात्रांत पडलें, त्याचें भोंक बुजलें, पात्र बुडेना, आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हां दुःखी पित्यानें तिला सांगितलें, ‘तुझ्या नांवानें मी असा ग्रंथ लिहीन कीं, तो जगाच्या अंतापर्यंत राहील.’ ही कथा मीं तीस वर्षें वर्गांत सांगितली. घटिकापात्र म्हणून नारळाची करवंटी बादलींत सोडून दाखवीत असें. मुलें श्वास रोधून ऐकत.

एका वर्षीं मागच्या बांकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, तिचं लग्न मोडलं नसतं, तर तिच्या बापानं तिला गणित शिकवलं नसतं का?” मजजवळ उत्तर नव्हतें. ‘बस खालीं’ म्हणून मीं वेळ मारून नेली. ती मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. गेल्या वर्षीं तिचा मोबाइलवर संदेश आला: “गुरुजी, माझ्या वर्गांतल्या एका मुलीनं आज मला तोच प्रश्न विचारला. काय सांगूं?” दुसऱ्यांदा वेळ मारून नेण्याचा धीर मला झाला नाहीं.

मीं शोध घेऊं लागलों. पहिला प्रश्न, ही कथा प्रथम कोणीं सांगितली? भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ११५० च्या सुमारास, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. या ग्रंथांत मोत्याची कथा नाहीं. ती येते १५८७ सालीं, अकबराच्या आज्ञेवरून फैजीनें ‘लीलावती’चें जें फारसी भाषांतर केलें, त्याच्या प्रस्तावनेंत. म्हणजे मध्यें चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं! पुढें १८१६ सालीं मुंबईस टेलर यांनीं आणि १८१७ सालीं लंडनमध्यें कोलब्रुक यांनीं ‘लीलावती’चीं इंग्रजी भाषांतरें छापलीं, आणि फैजीची कथाही युरोपभर ऐकूं येऊं लागली.

मग मूळ ग्रंथांत लीलावती कोण आहे? आचार्य उदाहरणें घालतांना कधीं ‘बाळे लीलावती’ म्हणतात, कधीं ‘सखे’, कधीं ‘हरिणाक्षी’, कधीं ‘कांते’, तर कधीं चक्क ‘अहो वाणी’! वाऱ्यानें कललेलें तळ्यांतील कमळ, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धांवणारा साप, फुलांवर पांगलेला भुंग्यांचा थवा, असल्या गोड उदाहरणांनीं ग्रंथ भरलेला आहे. परंतु या संबोधनांवरून कन्येचा दाखला मिळत नाहीं. ‘लीलावती’ या शब्दाचा अर्थच लीलेनें युक्त, मनोहर असा आहे. कोणी तें ग्रंथाचें विशेषण समजेल, कोणी मुलीचें नांव समजेल.

याच शोधांत माझी गांठ आपल्या खानदेशांतील एका शिळेशीं पडली. चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशींत पाटण नांवाचें उजाड झालेलें गांव आहे; लोक आतां त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. तेथील भवानीच्या जीर्ण देवळांतील शिलालेखाचा शोध डॉक्टर भाऊ दाजी यांनीं लावला आणि १८६५ सालीं तो विलायतेंतील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. भाऊ दाजी मूळचे गोमंतकांतले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले इंग्रजी विद्येचे डॉक्टर. पुढें १८९२ सालीं, पूर्वीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक असलेले कीलहॉर्न यांनीं तोच लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत पुन्हां संपादिला. हें दोन्ही मुद्रित लेख मीं शहाद्यास बसून वाचले.

लेखांत भास्कराचार्यांच्या कुळाची परंपरा दिली आहे. त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे पिते महेश्वर यांच्यापर्यंत, मग भास्कर, त्यांचा पुत्र लक्ष्मीधर, ज्याला यादव राजा जैत्रपाळ यानें मान दिला. आणि नातू चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. या चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून पाटण येथें मठ काढला. यादवांचे मांडलिक निकुंभ घराण्यांतील सोइदेव यानें त्या मठाला दान दिलें, तें शके ११२८ मध्यें, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळीं. ग्रहणें वर्तविणाऱ्यांच्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान! कथाकारालाही याहून चांगला मुहूर्त सुचला नसता; आणि हा टळला नाहीं.

लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांत आहे. परंतु मठाला प्रत्यक्ष काय मिळावयाचें हा व्यवहार आला कीं भाषा एकदम मराठी होते, आठशें वर्षांपूर्वींची मराठी. बाजारांत जो माल विकावयास येईल त्यावरील राजाचा हक्क मठाला. ब्राह्मणांनीं आपला वांटा दिला, नगरानेंही दिला. सुपारीवर इतकें, आणि तेलाच्या घाण्यामागें पळीभर तेल. येथें राजाच्या नांवाइतकीच तेल्याची पळीही दगडावर कोरली गेली आहे. अंकगणित शिकविण्यासाठीं एक बाजारपेठ सुपारी आणि तेल मोजून देत होती, हें मला मोत्याच्या कथेहून कितीतरी मोठें नवल वाटलें.

या लेखांत लीलावतीचें नांव नाहीं. परंतु एवढ्यावरून ती नव्हतीच असें म्हणणें हीही घाई होईल. कारण या वंशावळींत पुरुषांचींच नांवें आहेत, आयांचीं नाहींत आणि लेकींचीं नाहींत. साक्षीदार गप्प बसला म्हणजे तो नाकारतो असें नव्हे. म्हणून कथा सांगावी ती ‘फैजीनें अशी कथा दिली आहे’ असें म्हणून सांगावी, आणि दगडाचें सांगणें दगडाच्या तोंडीं ठेवावें.

माझ्या विद्यार्थिनीला मीं हें सविस्तर कळविलें. लिहिलें कीं, “लग्न मोडलें म्हणून बापानें मुलीला गणित दिलें, हें भास्कराचार्यांनीं कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें त्यांच्या मागून चार शतकांनीं दुसऱ्यानें लिहिलें. त्यांच्या ग्रंथांत जी बाळा आहे, तिला ते बेरीज-वजाबाकी विचारतात, आणि ती उत्तर देईल असें गृहीत धरतात. तुझ्या वर्गांतल्या मुलीला एवढें सांग. आणि पंचवीस वर्षांपूर्वीं मीं तुला खालीं बसविलें, ती माझी चूक होती.”

तिचें उत्तर लगेच आलें. तिनें मोत्याची कथा सोडली नाहीं. ती करवंटी अजून बादलींत सोडते. मात्र कथा संपली कीं ती फळ्यावर दोन आंकडे लिहिते, ११५० आणि १५८७, आणि मुलांना त्यांची वजाबाकी करावयास लावते. मग पाटणच्या शिळेची गोष्ट सांगते. सहलीला मुलांना तेथें न्यावयाचें तिनें ठरविलें आहे, आणि मलाही बोलाविलें आहे. मी जाणार आहें.