स्पर्धेचा गुणतक्ता: धावगती आणि सरासरी

नंदगडच्या मैदानावर असो वा विश्वचषकात, दोन संघांचे गुण समान झाले की बहुधा निव्वळ धावगती पाहतात: केलेल्या धावांची गती वजा दिलेल्या धावांची गती. संगणकावर तक्ता करताना षटके व चेंडू वेगळ्या रकान्यांत लिहावेत. ७.३ षटके म्हणजे ४५ चेंडू, साडेसात षटके. संगणक मात्र ७.३ नेच भागतो; मग ७५ धावांची गती १० ऐवजी १०.२७ दिसते आणि भलताच संघ पुढे जातो. संघ सर्वबाद झाल्यास ठरलेली पूर्ण षटके धरावीत.

फलंदाजाची सरासरी काढताना नाबाद डाव वगळावेत. सुनील गावसकरांचे कसोटीत २१४ डाव, १६ नाबाद. म्हणून १०,१२२ भागिले १९८, म्हणजे ५१.१२.