सुरतेतील खानदेशी समाजाचा प्रवास

जळगाव व धुळे जिल्ह्यांतून सुरतेस गेलेल्या अहिराणीभाषक कुटुंबांची ये-जा मुख्यतः ताप्ती खोरे रेल्वेने घडली. सुरत–अमळनेर मार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला. खानदेशचा कापूस पश्चिमेकडे नेणाऱ्या या मार्गाने पुढे माणसेही गेली. कोरडवाहू शेतीची अनिश्चितता व सुरतेतील यंत्रमाग ही त्याची प्रमुख कारणे होत. लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया) व श्रावणातील कानबाईचा उत्सव या निमित्तांनी मंडळी अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा आदी स्थानकांवर उतरत. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन होऊन हा प्रवास आंतरराज्यीय ठरला. कालांतराने कानबाईची स्थापना सुरतेतही होऊ लागली. तथापि आखाजीस लेकीने माहेरी येण्याच्या रीतीमुळे गावाशी संबंध टिकून राहिला. उधना–जळगाव मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले.