दप्तर, पेटारा आणि लॅपटॉप

‘दप्तर’ हा शब्द मराठीने फारसीकडून घेतला. फारसीत तो मुळात ग्रीकांकडून आला, असे शब्दांची कुळे शोधणारे पंडित सांगतात. मूळ शब्द ‘दिफ्थेरा’, अर्थ कमावलेले कातडे. त्या काळी कातड्यावर लिहीत असत. पुढे कातडे गेले, कागद आला, पण नाव तेच राहिले. पेशव्यांच्या फडावर दप्तर होते, इंग्रजांच्या कचेरीत दप्तर होते, आमच्या शाळेत ते पोरांच्या पाठीवर आले, आणि आज कोणी लॅपटॉप काखोटीला मारून निघाला तरी आमच्याकडची म्हातारी माणसे विचारतात, “दप्तर घेऊन खंय चललंस?” शब्दाने एवढा प्रवास केला. दप्तरातल्या मजकुराने किती केला, हा आजच्या लेखाचा विषय.

विषय सणासुदीला शोभणारा नाही असे कोणास वाटेल. पण दिवाळीच्या आधी घर झाडावयास काढले म्हणजे माळ्यावरून काय काय खाली येते ते आठवावे. तुटका पाट, आजोबांची छत्री, फुटक्या काचेचा कंदील, आणि अलीकडे हटकून एक बंद पडलेला लॅपटॉप. “चालू होत नाही, देऊन टाका भंगारवाल्याला,” असा निकाल उभ्या उभ्या लागतो. त्या निकालात थोरल्या मुलीच्या बारशाचे फोटो, गेलेल्या आत्याचा आवाज आणि घराच्या वाटणीचे कागदही बिनबोभाट जातात.

हे नवीन नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि शनिवारवाड्यातील दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते टिकले, कारण इनामांचे दावे तपासण्यासाठी सरकारला त्याची गरज होती. इतिहासावरील प्रेमाने कोणी ते जपले नाही. लाल-पांढऱ्या फडक्यांत बांधलेले ते हजारो रुमाल आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० पासूनच्या चारपाच वर्षांत छापून निघाले. सरकारी दप्तराची ही कथा. घरोघरच्या पेटाऱ्यांना असा वाली नव्हता. ते वाड्यांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडी पडले, काही बंबात गेले, काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधावयास गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करीत ते गोळा करीत राहिले आणि १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपताच्या आधीच्या दहाबारा वर्षांची पत्रे आज आपण वाचतो, ती अशा पेटाऱ्यांच्या कृपेने. पेटाऱ्याचे कुलूप गंजले होते, बिजागरी मोडली होती. म्हणून राजवाड्यांनी आतले कागद गेले असे मानले नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत नेमके हेच लोक विसरतात. पेटी निराळी आणि पेटीतला मजकूर निराळा. कणगीचे दार अडकले म्हणून आतले भात नासत नाही.

यंत्राचा इतिहास पाहिला की हे अधिक चांगले समजते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संगणक स्वतःच्या हातांनी बांधला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मरणपेटी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० खुणांचा. आजच्या रीतीने मराठीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. त्या हिशेबाने खोलीभर पसरलेल्या त्या यंत्रात हा माझा लेख जेमतेम तिसरा हिस्सा मावला असता. त्याआधी, १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने चुंबकी तबकड्यांचे पहिले कोठार विकावयास काढले होते. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाहून अधिक, आणि सामावून घेणार ५० लाख अक्षरे. गिरणीच्या जात्याएवढी तबकडी फिरते आहे आणि तिच्यावर चुंबकाच्या खुणांनी हिशेब लिहिला जातो आहे, हे दृश्य पाहिलेल्या माणसाला पेटी आणि मजकूर यांतला फरक सांगावा लागला नसता. पुढे सगळे आकसत गेले, झाकले गेले, आणि तो फरक दिसेनासा झाला.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत ऑसबॉर्न नावाचा हाती धरून नेण्याजोगा संगणक बाजारात आला होता. ‘हाती धरून’ हे म्हणावयाचे. वजन सुमारे ११ किलो, त्यात बॅटरी नाही! शिवणयंत्राची पेटी उचलून नेणाऱ्या बाईला त्याची कल्पना येईल. पुढच्या वर्षी निघालेला ग्रिड कंपास मात्र पुस्तकासारखा मिटत असे, आणि नासाने तो अंतराळयानातही नेला. हलकी बॅटरी मिळावयास १९९१ उजाडले. सोनी कंपनीने त्या साली लिथियमची बॅटरी बाजारात आणली. ती कालांतराने पुरीसारखी फुगते. तशी फुगलेली दिसली तर दाबू नये, टोचू नये, चार्जरही लावू नये.

आता, चालू होत नाही म्हणजे काय होते? मुले मला विचारतात, “गुरुजी, कॉम्प्युटर ‘बूट’ होतो म्हणजे पायात घालतो काय?” प्रश्न अगदीच वेडा नाही. स्वतःच्याच बुटाच्या वाद्या ओढून स्वतःला वर उचलणारा माणूस, अशी तिकडे एक थट्टेची कल्पना आहे. त्यावरून १९५० नंतरच्या संगणकवाल्यांनी हा शब्द घेतला. यंत्राला काही करावयाचे तर आज्ञा हव्यात, आणि आज्ञा वाचावयास यंत्र आधी चालू हवे. हा पेच सोडवण्यासाठी एका लहानशा चकतीत चार आज्ञा कायमच्या कोरून ठेवतात. बटण दाबताच वीज येते. ती चकती जागी होते. स्मरणपट्टी जागेवर आहे का, पडदा आहे का, हे पाहते, कुठे खोट असेल तर काही यंत्रे ठरावीक वेळा ‘टुक् टुक्’ करतात. मग ती कोठार शोधते आणि तिथला विंडोजसारखा मोठा कारभारी उठवून राज्य त्याच्या हाती देते. एवढ्या साखळीत आपला मजकूर अगदी शेवटी येतो. पहिल्या तीन कड्यांपैकी एखादी तुटली, तर मजकुराला बहुधा धक्काही लागलेला नसतो.

म्हणून वैद्याने नाडी पाहावी तशी कडीकडीने तपासणी करावी. दिवाच लागत नसेल तर दोष बहुधा विजेत. चार्जर बदलून पाहावा, चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, साचलेली वीज निघून जाते आणि कित्येक ‘मेलेले’ लॅपटॉप एवढ्याने उठतात. दिवा लागतो, आत घुरघुर ऐकू येते, पण पडदा काळा, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका विजेरीचा झोत टाकावा. पुसट चित्र दिसले तर यंत्र जिवंत आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला. तारेने टीव्हीला जोडले की सारे दिसते. आमच्या किनाऱ्यावर आणखी एक व्याधी आहे. दुपारी खारा वारा सुटतो आणि धातूच्या प्रत्येक दातावर मीठ बसते. स्मरणपट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने हलकेच घासून पुन्हा बसवणे, हा कुडाळ-मालवणच्या कारागिरांचा पहिला उतारा असतो आणि तो बऱ्याचदा लागू पडतो. खोडरबराचा शोध पेन्सिलीसाठी लागला होता, असो.

कारभारीच उठत नसेल, निळा पडदा येऊन यंत्र थबकत असेल, तर बाहेरचा कारभारी आणता येतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचे बीज टाकले. २००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी ते एका तबकडीवर असे बसवले, की यंत्राच्या कोठाराला हात न लावता त्यावरच सारा कारभार चालावा. आज ते पेनड्राइव्हवर मावते. पाहुण्याने घरात शिरावे, पेटारे उघडावे, कागद बाहेर अंगणात आणून ठेवावे, आणि घराची मोडतोड जशीच्या तशी ठेवावी, असे ते काम. याच्या उलट, दुकानात गेल्याबरोबर जो म्हणतो “फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो,” त्याच्यापासून दोन पावले मागे सरावे. जुन्या जमाखर्चावर चुना फासून नवा जमाखर्च लिहिण्यातला हा प्रकार आहे. आधी नक्कल, मग दुरुस्ती.

तौक्ते वादळ १६ मे २०२१ रोजी आमच्या किनाऱ्याला घासून गेले. माड आडवे झाले, विजेचे खांब वाकले. मालवण तालुक्यातल्या कित्येक वाड्यांत वीज परत यावयास दिवसचे दिवस लागले. ती आली तीही थडथडत. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी नोकरीत असताना आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या, चारशेच्या वर. वह्या पुढे एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या. पण तोवर त्यांनी त्या संगणकावर उतरवल्या होत्या, आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर होत होत त्या या लॅपटॉपात येऊन बसल्या होत्या. सांगणाऱ्या बायांपैकी आता कोणी हयात नव्हती. वीज आली त्या संध्याकाळी लॅपटॉपाचे बटण दाबले, आणि काहीच झाले नाही.

गुरुजींनी दोन दिवस अन्नाला धड स्पर्श केला नाही. तिसऱ्या दिवशी कुडाळचा कारागीर पोरगा आला, त्याने यंत्र उलटे केले, नाकाशी धरून जळका वास घेतला आणि म्हणाला, “गुरुजीनू, मशीन मेला म्हणान आतले कागद खंय जातत? ते आसत थंयच.” मुख्य पाटी जळली होती. त्याने चार स्क्रू काढून आतली हार्ड डिस्क बाहेर घेतली, पत्त्यांच्या जोडाएवढ्या डबीत बसवली, आणि डबीची तार माझ्या लॅपटॉपाला जोडली. ओव्यांची फाइल आली. उघडली. आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा, कंसांचा नुसता शिमगा उभा राहिला!

हा शिमगा अनेक मराठी घरांत दडून बसला आहे. १९९१ साली भारतीय लिप्यांचे सरकारी प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरी पुढे कितीतरी वर्षे मराठी टंकलेखन चाले ते ज्याच्या त्याच्या खाजगी फाँटात. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचे चित्र बसवावयाचे, अशी ती युक्ती. फाँट हरवला की चित्र जाते आणि खालचे इंग्रजी घर उघडे पडते. मोडीची गत आठवा: १९५० च्या सुमारास ती शाळांतून गेली, आणि आज आजोबांच्या पेटीतले खरेदीखत शाबूत असूनही घरात वाचणारा कोणी नसतो. फरक एवढाच, की मोडी सुटावयास शेकडो वर्षांची वहिवाट होती. आमचा फाँट वीसच वर्षांत परका झाला.

हार्ड डिस्क मुळात फार सोशीक वस्तू आहे, याचा दाखला अंतराळातून पडलेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परततीच्या वाटेवर फुटले आणि आपली कल्पना चावला व तिचे सहा सोबती गेले. सहा महिन्यांनी टेक्सासमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात यानातली एक डिस्क सापडली. वरची पाटी जळालेली, कडेची सील वितळलेली, आत माती. क्षमता केवळ ४०० मेगाबाइट. कारागिरांनी तबकड्या धुऊन नव्या डबीत बसवल्या आणि ९९ टक्के मजकूर वाचला. झेनॉन वायूच्या घट्टपणाविषयीचा तो प्रयोग होता, आणि त्याचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. माती आत गेली होती, पण तिने खरवडलेल्या जागी सुदैवाने काही लिहिलेले नव्हते.

म्हणून भिजलेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून लगेच जोडू नये. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांत त्याच्या पुस्तकांची दैना झाली. पुस्तक सावलीत पान पान वाळवता येते. डिस्कमध्ये वाचणारे टोक तबकडीपासून केसाच्या हजारो हिश्शांपैकी एका हिश्शावर तरंगत असते; तिथे गाळाचा कण म्हणजे नांगराचा फाळ. तांदळाच्या डब्यात पुरण्याचाही उपयोग नाही, उलट भुकटी आत जाते. डिस्क ‘टक् टक्’ वाजू लागली तरी हात आखडावा आणि जाणत्याकडे न्यावी.

नव्या लॅपटॉपांत तबकडीच नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतर शोधलेली स्मरणचकती असते. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या चमकेसारखी झटकन होते म्हणून एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ नाव दिले. ती आपटण्याला भीत नाही, पण जाते ती आवाज न करता. काही यंत्रांत ती पाटीवरच डाखलेली असते, म्हणजे काढून दुसरीकडे लावण्याची सोय संपली. त्यात हल्ली पुष्कळ लॅपटॉपांत बिटलॉकरचे कुलूप आपसूक लागलेले असते. त्याची किल्ली ४८ आकड्यांची. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. यंत्र चालू आहे तोवर ती कागदावर उतरवून, घराच्या दस्तांबरोबर ठेवावी. गंजलेले कुलूप राजवाड्यांनी तोडले असते. हे कुलूप कोणा राजवाड्यांना तुटणारे नाही.

सरकारलाही हे शिकावे लागले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, वरच्या मजल्यांवरची दप्तरे राख झाली. कागदाऐवजी संगणकावर फाइल चालवण्याच्या पद्धतीला त्यानंतर जोर आला, आणि ती आधी अंगीकारणाऱ्या जिल्हा कचेऱ्यांत आमच्या सिंधुदुर्गनगरीची कचेरी होती.

ओव्यांचे पुढे असे झाले. जुना फाँट कोणता तो ओळखून मजकूर युनिकोडात फिरवणारी सोय कारागिराने शोधून दिली. फिरवताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले, ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढल्या. सातवीच्या मुली शनिवारी दुपारी गुरुजींच्या पडवीत बसून एकेक ओवी मोठ्याने वाचू लागल्या. जिथे अडे तिथे शेजारची एक सून, सांगणाऱ्यांपैकी एकीची नात, हातातले काम टाकून येई आणि चालीवर म्हणून शब्द लावून देई. आता एक प्रत गुरुजींकडे, एक शाळेत, एक त्यांच्या भाच्याकडे बेळगावात आहे. सात ओव्यांत मधला एकेक शब्द कोणालाच लागला नाही. तेवढी जागा मुलींनी टिंबे देऊन मोकळी ठेवली आहे.