विवेकवर्धिनी : एका शाळेचा आणि एका सभेचा इतिहास

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांतील आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. प्रजेपैकी जवळजवळ निम्म्या लोकांची भाषा तेलुगू होती, तर सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलत असे. राज्यकारभार मात्र आधी फार्सीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसी खरा, पण ती भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती.

अशा राज्याच्या राजधानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक हे तिचे प्रमुख आधारस्तंभ. कोरटकर मूळचे परभणीकडचे. वकिलीत नाव कमावून ते पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सरकारदरबारी मान असलेल्या या गृहस्थांनी शाळेसाठी सरकारची वाट पाहिली नाही. संस्थानात राजकीय सभांना वाव नव्हता. हैदराबादची राजकीय परिषदसुद्धा 1923 मध्ये संस्थानाबाहेर, काकिनाड्याला भरवावी लागली. त्यामुळे शाळा, ग्रंथालये आणि सामाजिक परिषदा हीच सार्वजनिक जीवनाची दारे उरली होती. विवेकवर्धिनी त्यांतील एक मोठे दार होते.

याच दाराशी नोव्हेंबर 1921 मध्ये एक प्रसंग घडला. तो मराठी लेखनात क्वचितच येतो. तेलुगू इतिहासात मात्र त्याला मानाचे पान आहे. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. आलमपल्ली वेंकटराम राव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. राज्यातील सर्वांत मोठ्या भाषेची हेटाळणी झाली, आणि तीही दरबारात नव्हे, तर आपल्या शाळेच्या सभागृहात.

अपमानित झालेले मूठभर तेलुगू तरुण त्याच रात्री एकत्र जमले आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव आणि बुर्गुल रामकृष्णराव त्यांत होते. पुढे गावोगावी ग्रंथालये निघाली आणि 1930 मध्ये जोगीपेठला आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद परतूरला भरली ती 1937 मध्ये. ज्यांच्या भाषेला हसले गेले, त्यांनीच संघटनेची वाट आधी दाखवली.

1956 च्या 1 नोव्हेंबरला संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी बनले. शाळा जागची हलली नाही; सीमा मात्र हलली. बहुसंख्याकांच्या थाटात वावरलेला तेथील मराठी समाज भाषिक अल्पसंख्याक झाला. तरीही विवेकवर्धिनी टिकली, महाविद्यालयांपर्यंत विस्तारली. लोकवर्गणी आणि विश्वस्तांची चिकाटी यांवर उभी राहिलेली संस्था राजवट बदलली म्हणून कोसळत नाही, हे तिने दाखवून दिले.

बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी येथे आपण मराठी शाळांसाठी झगडतो, तेव्हा घटनेच्या 30 व्या आणि 350 (अ) या कलमांचा आधार घेतो. तो आपला हक्कच आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. मात्र त्या हक्कामागचे तत्त्व एका भाषेपुरते नाही. माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्यावे, शिकू द्यावे, एवढेच ते तत्त्व. विवेकवर्धिनीच्या उभारणीत ते पाळले गेले. 1921 च्या त्या सभेत ते मोडले गेले. आपल्या इतिहासात या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी असाव्यात. पहिलीने आपल्याला बळ मिळते. दुसरी सांगितली, तरच आपली मागणी शेजाऱ्याला न्यायाची वाटेल.