मदरबोर्ड बदलला आणि विंडोज रुसलं

मारेगावला आमच्या काकांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. (मारेगाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं. पुण्यात सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मालेगाव ना?" असो.)

गोष्ट जून २००८ ची. चार दिवसांची सुट्टी काढून घरी गेलो आणि नेमका त्याच दिवशी दुकानातला पीसी बंद पडला. झाकण उघडलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी चीक बाहेर आलेला. त्या काळात हे जगभर चालू होतं. साधारण १९९९ ते २००७ या काळात बाजारात सदोष कपॅसिटर भरपूर आले आणि दोन-चार वर्षं चाललेले बोर्ड पटापट मरायला लागले. आमच्याकडे वर भारनियमन होतंच. लाईट जायची आणि यायची ती झटका देऊनच.

एरवी आठवडाभर दुकान बंद राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्या फेब्रुवारीतल्या केंद्रीय अर्थसंकल्पात शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली होती आणि ३० जूनपर्यंत लाभार्थ्यांच्या याद्या लावायच्या होत्या. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर पूर्ण माफी, त्याहून जास्त असेल तर बाकीची रक्कम भरल्यावर २५ टक्के सूट. कोरडवाहू कापसाच्या मुलखात सहा एकरवाला काही श्रीमंत नसतो, पण यादीत तो वेगळ्या रकान्यात जायचा. एका सोसायटीच्या गटसचिवांनी अशी यादी काकांकडे टाईप करायला दिली होती. ती त्याच पीसीत होती.

त्याच जातीचा बोर्ड मिळेना. मग नागपूरहून नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आणली, जुनी हार्ड डिस्क जोडली, बटण दाबलं. विंडोज एक्सपीचा लोगो आला आणि क्षणात निळा पडदा! शेवटी ७बी असलेला एरर. मेकॅनिक म्हणाला, "फॉरमॅट मारा लागते, भाऊ."

काका घाबरले. "काहून रे, गेली का यादी?"

"नाही काका, यादी तशीच आहे. मशीनलाच सापडून नाही राहिली."

आता प्रश्न असा, की डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, बोर्ड नवा कोरा, मग अडलं कुठे? यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९७० च्या दशकात गॅरी किल्डॉलने सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या अनेक, प्रत्येकाची मशीन वेगळी. दर मशीनसाठी सगळं पुन्हा लिहायचं म्हणजे हमाली. १९७५-७६ च्या सुमारास त्याने मशीनशी बोलणारा भाग बाजूला काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. नवी मशीन आली की तेवढाच भाग बदलायचा. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीत बायोस बोर्डवरच्या चिपमध्ये जाऊन बसला. कॉम्पॅकने तसाच वागणारा स्वतःचा बायोस नव्याने लिहिला आणि १९८२-८३ पासून पीसीची 'सेम टू सेम' भावंडं निघायला लागली. आपल्या गल्लीबोळातले असेंबल्ड पीसी ही त्याच घराण्यातली पिल्लं.

पुढचा टप्पा विंडोज एनटीचा. डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आला. त्याच्या टीमने ऑपरेटिंग सिस्टिम आणि बोर्ड यांच्यामध्ये एक पातळ थर ठेवला, त्याचं नाव हॅल. बोर्डाबोर्डातले फरक हॅलने सांभाळायचे, वरच्यांनी निर्धास्त राहायचं. म्हणूनच १९९३ चं पहिलं एनटी इंटेलबरोबर एमआयपीएस आणि अल्फा या अगदी वेगळ्या प्रोसेसरांवरही चालायचं. एक्सपी हे त्याच एनटीचं नातवंड.

मग इतकं छान डिझाईन असताना निळा पडदा का?

कारण एक्सपी बोर्डाची ओळख इन्स्टॉल होतानाच करून घ्यायचं. सीडीवर हॅलचे अनेक प्रकार असायचे, सेटअप त्यातला एक निवडून ठेवायचा. हार्ड डिस्कच्या कंट्रोलरचंही तेच. सुरू होताना कुठला ड्रायव्हर लागणार हे रजिस्ट्रीत नोंदलेलं असायचं, तेही जुन्या बोर्डाच्या हिशोबाने. नव्या बोर्डवर कंट्रोलर वेगळा. त्याचा ड्रायव्हर शोधायला डिस्क वाचायला हवी, आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! ७बी चा अर्थ एवढाच, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती सापडत नाही. यात डेटा गेलेला नसतो. 'फॉरमॅट मारू'ने मात्र जातो.

लिनक्सवाल्यांनी इथे वेगळी युक्ती केली होती. कर्नलबरोबर मेमरीत एक छोटी शिदोरी जाते, त्यात बऱ्याच कंट्रोलरांचे ड्रायव्हर असतात. जो जुळेल तो घे आणि पुढे चल. त्यामुळे लिनक्स नव्या बोर्डवर बहुतेक वेळा निमूट उठायचं. गंमत नंतर व्हायची. एचडीए नावाची डिस्क एसडीए व्हायची, इथ-झिरो असलेलं नेटवर्क कार्ड इथ-वन व्हायचं. म्हणून पुढे डिस्कला नावाऐवजी यूयूआयडीने ओळखायची पद्धत रूढ झाली.

तर मारेगावात मी आधी डिस्क शेजारच्या कॅफेतल्या पीसीला लावली आणि यादी कॉपी करून घेतली. काकांचा जीव भांड्यात पडला. पण फाईल उघडली तर नावांच्या जागी ळकश्रफ असलं काहीतरी. जुना मराठी फॉन्ट, युनिकोड नव्हे. फॉन्ट उचलून आणला तर वाचता आलं असतं, पण दुरुस्त्या करायला ते टायपिंगचं सॉफ्टवेअर हवं, आणि त्याची सीडी काकांना काही सापडेना. म्हणजे तेच जुनं विंडोज जिवंत करणं भाग होतं.

मराठी आणि मदरबोर्डचं हे नातं तसं जुनंच. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आठवतंय कुणाला? डॉसच्या जमान्यात देवनागरीसाठी ते कार्ड बोर्डवरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसवायचे. म्हणजे भाषाच स्लॉटला बांधलेली! पुढे नव्या बोर्डांवरून तो स्लॉटच गेला. विंडोज २००० पासून युनिकोडमधली देवनागरी सिस्टिममध्येच आली आणि मराठी त्या खाचेतून सुटली. काकांचं दुकान मात्र अजून मधल्याच स्टेशनावर होतं.

मग केलं 'रिपेअर इन्स्टॉल'. सीडीवरून सुरू करायचं, पहिल्या पडद्यावर आर दाबायचं नाही (ते रिकव्हरी कन्सोल), एंटर दाबायचं, एफ८ ने करार मान्य करायचा आणि दुसऱ्यांदा विचारलं की मग आर. विंडोज स्वतःच्या फाईली नव्याने टाकतं, बोर्ड नव्याने ओळखतं, तुमच्या फाईली आणि प्रोग्रॅमना हात लावत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसलो. तासाभरात जुना डेस्कटॉप समोर! यादी उघडली, नावं जागच्या जागी. काका काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला.

पण गोष्ट इथे संपत नाही. लगेच विंडोजने ॲक्टिव्हेशन मागितलं. २००१ मध्ये एक्सपीबरोबर हा प्रकार आला. दहा प्रकारच्या भागांवरून मशीनचा ठसा घ्यायचा आणि फार फरक दिसला की परवानगी पुन्हा मागायची. आता बोर्ड बदलला की कंट्रोलर, ग्राफिक्स, नेटवर्क असं बरंच काही एका दमात बदलतं. विकत घेतलेली सीडी होती, तरी फोनवर लांबलचक आकडे वाचून दाखवावे लागले.

मला या सगळ्यात एक गोष्ट जाणवते. किल्डॉलपासून कटलरपर्यंत सगळ्यांची धडपड मशीन आणि सॉफ्टवेअरची गाठ सोडवायची होती, आणि ती सुटलीसुद्धा. विंडोज १० किंवा ११ नव्या बोर्डवर बहुतेक वेळा स्वतःच उठून बसतं. पण तोवर दुसरी गाठ मारली गेली. डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं, म्हणून २०१६ पासून ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडायची सोय करावी लागली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्ली बोर्डाच्या टीपीएमकडे. नवा बोर्ड म्हणजे नवा टीपीएम, आणि पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर हार्ड डिस्क शेजारच्या पीसीला लावूनही काही उपयोग नाही. २००८ मध्ये मशीनला डिस्क सापडत नव्हती. आता सापडते, पण ती विचारते, "तू कोण?"

लॅपटॉप चोरीला गेला तर हीच गोष्ट आपल्याला वाचवते, हे खरं. पण बोर्ड जळल्यावर आपणच चोर ठरतो. तेव्हा या रविवारी एक काम करा. ती रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. यादी कुणाची असेल आणि तीस जून कधी येईल, सांगता येत नाही.