उवा नेमक्या हिच्याच डोक्यात का?

आधीच सांगून ठेवतो, आजचा भाग ऐकताना तुमचा हात तीन-चार वेळा तरी डोक्याकडे जाणार. माझा स्क्रिप्ट लिहितानाच गेला. इलाज नाही, विषयच तसा आहे. उवा.

झालं असं, की आपल्या एका श्रोत्या मुलीचा मेसेज आला. हॉस्टेलच्या एका खोलीत चौघी राहतात. उवा दर वेळी हिलाच होतात, बाकी तिघींना नाही. त्यामुळे आता तिचा कंगवा वेगळा, उशी वेगळी, बसायची जागासुद्धा जरा लांब, आणि मागून कुजबुज की ही डोकं नीट धूत नाही. तिने विचारलंय, काही माणसांना उवा जास्त होतात हे खरं का? आजी म्हणते तसं रक्त गोड असतं का?

गोड रक्ताचा निकाल पटकन लावू. उवेला माणसाचं रक्त लागतं, बस. दिवसातून चार-पाच वेळा तिचं जेवण होतं, आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत उपाशी मरते. चव घेत बसायची चैन तिला परवडत नाही. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, फक्त चालता येतं. म्हणजे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायचं तर दोन डोकी जवळ यायला हवीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता इतिहास. २०१६ साली इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन शहराच्या उत्खननात हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली. साडेतीन सेंटिमीटर लांब. तिच्यावर काही कोरलेलं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, थेट २०२१ पर्यंत. मग फोन कॅमेऱ्याने झूम करून पाहिलं तेव्हा १७ अक्षरं दिसली. फणी साधारण ३७०० वर्षं जुनी, आणि कनानी वर्णमालेत लिहिलेलं आजवर सापडलेलं हे सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य. काय असेल? देवाची स्तुती? राजाचा पराक्रम? नाही हो. या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाची इच्छा! फणीच्या एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. आपल्या घरातली लाकडी फणी आठवा, डिझाइन तेच. इतक्या वर्षांत कुणाला नवीन व्हर्जन काढावंसं वाटलं नाही. शिवाय तिच्यावर उवेचे अवशेषही मिळाले.

मला यातला हस्तिदंत महत्त्वाचा वाटतो. त्या प्रदेशात हत्ती नव्हते, म्हणजे माल बाहेरून आलेला, महागडा. फणीचा मालक चांगला पैसेवाला असणार, आणि तरी त्याच्या दाढीत उवा.

पैसेवाल्यांचंच चाललंय तर लंडनला जाऊ. सॅम्युअल पीप्स हा इंग्लंडच्या नौदलातला बडा अधिकारी, १६६० ते १६६९ रोजनिशी लिहीत होता. जानेवारी १६६९ मध्ये त्याला सहा-सात दिवस भयंकर खाज सुटली. बायकोने केस कापले, सदरा तपासला, तर लहानमोठ्या मिळून वीसेक उवा निघाल्या. हा चक्रावला, कारण त्याच्या मते वीस वर्षांत इतक्या कधी झाल्या नव्हत्या. दोन वर्षं आधी त्याच्याकडे आणलेला एक टोपही लिखांनी भरलेला होता, तेही त्याने लिहून ठेवलंय. आता गंमत बघा. त्याने मोजल्या कधी? खाज सुटल्यावर. त्याआधीच्या वीस वर्षांत त्याच्या डोक्यात खरंच काही नव्हतं, की असूनही कळत नव्हतं?

हाच प्रश्न आपल्या हॉस्टेलच्या खोलीला लागू होतो. खाज उवेच्या चालण्याने सुटत नाही. चावताना तिची लाळ आपल्या कातडीत जाते आणि शरीर त्या लाळेला ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया देतं. आयुष्यात पहिल्यांदा उवा झाल्या तर ती प्रतिक्रिया यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर उवा सुखात राहतात, अंडी घालतात, शेजारच्या उशीवर जातात. ज्याला आधी होऊन गेल्यात त्याला मात्र लवकर खाजतं. काहींना तर फारसं खाजतच नाही. म्हणजे चौघींपैकी जी डोकं खाजवतेय ती एकटीच बाधित आहे असं अजिबात नाही. आमच्या कामात असं पुष्कळदा होतं. ज्या सर्व्हरवरून अलर्ट येतो त्याच्यावर सगळे तुटून पडतात, आणि गडबड असते भलत्याच ठिकाणी, जिथे अलर्ट लावलेलाच नाही.

आता १९३९. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका प्रसंग. महायुद्ध सुरू होतंय, जर्मन बॉम्ब पडतील म्हणून ब्रिटनने सप्टेंबरच्या सुरुवातीच्या काही दिवसांत शहरांमधून सुमारे १५ लाख लोक खेड्यापाड्यांत हलवले. त्यात बहुतेक शाळकरी मुलं. आईबाप शहरात, मुलं अनोळखी घरांत. आणि आठवड्याभरात बोंबाबोंब सुरू झाली, की या पोरांच्या डोक्यात उवा आहेत! वर्तमानपत्रं, महिला मंडळं, संसद, सगळीकडे तेच. शहरातल्या आया घाणेरड्या, गलिच्छ, आळशी. विचार करा, सहा वर्षांची पोर, आई जवळ नाही, आणि नवीन घरात पहिली ओळख ही.

सरकारी आकडे तर सांगत होते की उवा कमी होत चालल्यात. शाळेत नर्स येऊन डोकी तपासायची, त्यावरून ते आकडे निघायचे. मग ही पोरं आली कुठून? केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. त्याने शाळा सोडून दिली आणि संसर्गजन्य आजारांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी घेतल्या. का, तर घटसर्प झालेलं मूल रातोरात दाखल होतं, आईला आदल्या दिवशी फणी फिरवायला वेळ मिळत नाही. शाळेतली नर्स कधी येणार हे मात्र घरी ठाऊक असू शकतं. भारी डोकं चालवलं त्याने! १९४१ मध्ये निष्कर्ष आले, तर औद्योगिक शहरांतल्या सुमारे निम्म्या लहान मुलींच्या डोक्यात उवा होत्या. मुलग्यांमध्येही लहानपणी पुष्कळ, पण वय वाढेल तसं प्रमाण उतरत गेलेलं. मुलींमध्ये ते तसं उतरत नव्हतं.

निम्म्या मुली! म्हणजे ‘उवा होणारी मुलगी’ असा काही वेगळा प्रकार नव्हताच. होतं ते गर्दीचं घर, एका पलंगावर झोपणारी तीन-चार भावंडं, एकमेकींच्या गळ्यात पडून खेळणाऱ्या मैत्रिणी.

बरं, मग घाणेरडेपणाचा शिक्का आला कुठून? तो बऱ्याच अंशी चुलत बहिणीचा आहे. डोक्यातली ऊ वेगळी आणि अंगावरची ऊ वेगळी. अंगावरची कपड्यांच्या शिवणीत राहते, आणि आठवडेच्या आठवडे कपडे धुता-बदलता येत नाहीत तिथे माजते. सैन्यात, तुरुंगात, निर्वासितांच्या छावण्यांत. टायफस नावाचा जीवघेणा ताप तीच पसरवते. १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोलने हे दाखवलं. त्याच्या लक्षात आलं होतं, की टायफसचा रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत इतरांना आजार देतो, कपडे घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही देतो, पण आंघोळ घालून रुग्णालयाचे कपडे चढवले की शेजारच्या खाटेवर काही होत नाही. मग आजार कपड्यांतच असणार ना! १९२८ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं. डोक्यातली ऊ मात्र असले आजार पसरवण्यासाठी ओळखली जात नाही, आणि रोज शांपू केला तरी ती केस घट्ट धरून बसते. बदनामी मात्र दोघींची एकत्र झाली.

तर मग काहींना जास्त होतात का? थोडंफार हो. लहान मुलांना जास्त, कारण डोक्याला डोकं लावून खेळतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांमध्ये बरंच कमी प्रमाण आढळतं. तिथल्या उवांच्या नख्या विशिष्ट जाडीचे आणि आकाराचे केस पकडायला सरावलेल्या असाव्यात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आफ्रिकेतल्या उवांना कुरळ्या केसांचं काही वाटत नाही. म्हणजे इथेही रक्ताचा संबंध नाही, पकडीचा आहे.

आणि वारंवार होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे एकटीनेच औषध लावणं. तिचं डोकं साफ, बाकी तिघींच्या डोक्यात दोन-दोन, चार-चार शिल्लक. पंधरा दिवसांत परत. त्यातून बरीच औषधं लिखांना मारत नाहीत, आणि पर्मेथ्रिन हे नेहमीचं औषध अनेक देशांतल्या उवांवर आता नीट चालत नाही.

तेव्हा ताई, या रविवारी चौघींनी केस ओले करून, कंडिशनर लावून, पांढऱ्या कागदावर बारीक फणीने एकमेकींची डोकी विंचरा. चौघींनी म्हणजे चौघींनी. जिच्या कागदावर काही दिसेल तिने त्याच दिवशी उपचार करायचा, आणि सात ते नऊ दिवसांनी पुन्हा. फक्त कुणी सीताफळाच्या बियांची पूड लावायला सांगितली तर ऐकू नका. आपल्याकडे हा उपाय घरोघरी सांगतात, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जबर इजा होते, आणि डोकं धुताना ती डोळ्यात जातेच. कागदावर काय निघालं ते मला कळव. पुढच्या भागात टायफस आणि नेपोलियनची रशिया मोहीम. तोवर खाजवा.